बोर्ड नसलेली गाडी

वार्षिकांकासाठी लेख द्यायचा म्हटले की साहित्य, समाज, राजकारण, निदान बेकारी तरी हाताळावी, असा एक अलिखित संकेत आहे. मी केकवर लिहिणार आहे. विषय ऐकल्यावर संपादक मंडळातल्या माझ्या मैत्रिणीने, "पाककृतींचे सदर आपण ठेवलेले नाही," असे गंभीरपणे सांगितले. तिची समजूत घालताना मी म्हटले, की ही पाककृती नाही, हे मत आहे. आणि ते बनवायला मला दोन दिवस, दोन किलो केक आणि अर्धा किलो लोणी लागले आहे. एवढा खर्च करून बनलेली मते आपल्या अंकात फारशी नसतात. असो.

गोष्ट गेल्या १ जूनची. माझे आजोबा, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्या दिवशी पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, १ जून लिहून टाकली. पण योगायोग असा, की एस्. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) निघाली तीही १ जून १९४८ रोजी. तात्यांनी वाई आगारात कंडक्टर म्हणून उभे आयुष्य काढले, त्यामुळे "माझा आणि एस्. टी. चा वाढदिवस एकच" हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकतो. तेव्हा पंच्याहत्तरीला एस्. टी. च्या आकाराचा केक करायचा आणि तो विकत न आणता मी स्वतः करायचा, असे मी जाहीर करून टाकले. तोपर्यंत मी साधा गोल केक चार-पाच वेळा केला होता. केक कोरायचा म्हणजे काय, हे मी फक्त फोनवरच्या व्हिडिओत पाहिले होते. तिथे सगळे तीन मिनिटांत होते.

आजी अंडे खात नाही. म्हणून केक बिनअंड्याचा. एका वेळेला अडीचशे ग्रॅम मैदा, चारशे ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, शंभर ग्रॅम लोणी, बेकिंग पावडर आणि खायचा सोडा. असे दोन घाणे मी ब्रेडच्या लांबट डब्यांत भाजले. ३१ मेची दुपार होती, घरात उकाडा मी म्हणत होता. पहिला केक बाहेर काढला आणि उत्साहाच्या भरात गरम असतानाच त्याच्यावर सुरी चालवली. कडा तुटून भुगा झाला. अंड्याने जो घट्ट धरून ठेवण्याचा गुण येतो तो या केकात कमीच, त्यात तो गरम. आजीने तो भुगा वाटीत गोळा केला आणि म्हणाली, "अगं, वड्यासुद्धा थापल्याबरोबर कापत नाहीत. जरा दम धर." व्हिडिओतल्या बाईने जे सांगायचे राहून गेले होते, ते आजीने एका वाक्यात सांगितले. उरलेला केक कागदात गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, आणि भुगा झालेल्याच्या जागी तिसरा घाणा घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता खरे काम सुरू झाले. थंड झालेला केक वेगळाच पदार्थ असतो. दातेरी सुरी न दाबता, करवतीसारखी मागे-पुढे ओढली की तो सरळ कापला जातो. दोन केकांचे फुगलेले माथे छाटून ते पाटावर एकापुढे एक ठेवले. लांबी ४४ सेंटिमीटर, रुंदी ११ आणि उंची जेमतेम ७. हे पाहून दादा म्हणाला, "ही एस्. टी. नाही, ही बोट आहे." बोलणे झोंबले, पण खरे होते. खरी गाडी रुंदीपेक्षा थोडी उंचच असते. मग दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या कापल्या, आणि त्याच पट्ट्या आडव्या करून छपरावर एकावर एक चढवल्या. रुंदी ८ झाली आणि उंची १०. कोपरे किंचित गोल केले, पुढच्या काचेला उतार दिला, आणि अचानक त्या पाटावर गाडी उभी राहिली. ती कधी उभी राहिली हे मला कळलेही नाही. आदल्या क्षणापर्यंत केक होता, पुढच्या क्षणी गाडी.

इथे मी एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. गाडी साधल्याच्या आनंदात मी चाकांसाठी खालून चार कमानी कोरल्या. खऱ्या गाडीला असतात, म्हणून. पण खऱ्या गाडीचे वजन लोखंडी सांगाड्यावर असते. माझी गाडी आपल्या वजनावरच उभी होती. पुढच्या दोन कमानी कोरून झाल्या आणि ड्रायव्हरची बाजू हळूहळू खाली बसली, जणू टायर पंक्चर झाला. छाटलेले तुकडे लोण्या-साखरेच्या क्रीममध्ये मळून, रंगारी भिंतीच्या भेगांत लुकण भरतात तसे त्या कमानींत भरले. चाके म्हणून चॉकलेटची गोल बिस्किटे बाहेरून चिकटवली. त्यांनी काम भागले. जे आत कोरून साधत नव्हते ते बाहेरून चिकटवून साधले, आणि पाहणाऱ्याला फरक कळला नाही.

मग अस्तराचा पातळ हात. कापलेल्या केकचा भुगा वर येतो, म्हणून आधी क्रीमचा एक पातळ थर देऊन तो थंड करून घट्ट होऊ द्यायचा आणि मग दुसरा जाड हात द्यायचा. भिंत रंगवणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. मला दोनदा सांगावे लागले.

आता लाल रंग. माझे मत जिथे बनले ती ही जागा.

एस्. टी. म्हणजे लाल. लोक तिला लाल डबा म्हणतात, कौतुकाने लालपरी म्हणतात. मी बाजारातून लाल खाद्यरंगाची बाटली आणून ठेवली होती. क्रीममध्ये पाच थेंब घातले, गुलाबी झाले. आणखी दहा घातले, गडद गुलाबी. लोण्याचा पिवळेपणा मिसळून वर नारिंगी झाक. वीस-पंचवीस थेंबांनंतर क्रीम पातळ होऊन फाटू लागले आणि तरीही ते लाल नव्हते. थोडे चाखून पाहिले. जिभेवर कडवट चव राहिली आणि आरशात पाहिले तर जीभ रंगपंचमी खेळून आलेली. नंतर कळले, की असा रंग मुरायला काही तास द्यावे लागतात, आणि पाण्यासारखा रंग लोण्यात नीट मिसळतही नाही. पण त्या वेळी हातात बाटली घेऊन, अजून किती ओतू, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. आणि तेव्हा मी पहिल्यांदाच बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले.

आपल्याकडे अन्नात घालायला परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आहेत. पाँसो ४ आर, कारमॉयझिन, एरिथ्रोसिन हे लाल. टारट्राझिन आणि सनसेट यलो हे पिवळे. इंडिगो कारमाइन आणि ब्रिलियंट ब्लू हे निळे. आणि फास्ट ग्रीन हा हिरवा. केक-पेस्ट्रीसारख्या पदार्थांत यांचे प्रमाण किलोला शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. शंभर मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. हे कायदेशीर रंगांचे. बेकायदेशीर रंगांची गोष्ट निराळीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने 'म्हातारीचे केस' विकायला बंदी घातली, कारण त्यात रोडामाइन-बी सापडले. हा कापड-कागद रंगवण्याचा रंग. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने त्या मिठाईत आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला मनाई केली. जत्रेतल्या पोराला गुलाबी गोळा हवा असतो, आणि दुकानदाराला तो अधिक गुलाबी करायचा असतो. मी त्या सकाळी याहून वेगळे काय करत होते? माझी बाटली परवान्याची होती, एवढाच फरक. पण 'अजून थोडा लाल' ही हाव तीच होती. आणि हा केक खाणार कोण, तर पंच्याहत्तर वर्षांचा एक माणूस आणि घरातली नऊ लहान मुले.

ते क्रीम मी टाकून दिले. लोणी वाया गेल्याबद्दल आईने जे ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही.

पाचगणीच्या मावशीने फेब्रुवारीत घरी केलेला स्ट्रॉबेरीचा जॅम फ्रीजमध्ये होता. तो गाळून, चमचाभर पाण्यात कोमट करून, थंड पांढऱ्या क्रीमवर ब्रशाने लावला. रंग आला तो लाल नव्हेच. विटकरी, जरा फिकट, कुठे दाट कुठे विरळ. खालच्या भागावर कोको मिसळलेल्या क्रीमचा हात दिला, कारण तिथे जॅम ओघळत होता. माझ्या मते काम बिघडले होते. जूनच्या उकाड्यात लोण्याचे क्रीम सुटू लागलेले, पाहुणे यायला लागलेले, आणि पाटावर एक विटकरी, धुळकट, पुढून किंचित बसलेली गाडी. मी तिच्यावर ओला पंचा झाकून ठेवावा काय, या विचारात होते.

तात्या आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीला एक फेरी मारली, सुटण्यापूर्वी मारत असतील तशी. मी श्वास रोखून उभी. मला वाटले, रंगाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "बोर्ड कुठंय?"

मी म्हटले, "तात्या, रंग जरा उडालाय ना?"

"रंगाचं काय घेऊन बसलीस? उन्हाळ्यात मुक्कामी गाडी सकाळी परत यायची ती अशीच दिसायची, धुळीनं भरलेली. स्टँडवर लाल गाड्या पन्नास उभ्या असतात. माणूस रंग बघून चढतो का? बोर्ड वाचून चढतो. बोर्ड नाही, तर गाडी कुठं चाललीय ते पॅसेंजरला कळणार कसं?"

मी दोन दिवस आकार आणि रंग यांच्यामागे धावत होते, आणि ज्या माणसासाठी हे चालले होते त्याच्या लेखी गाडीची ओळख तिच्या कपाळावरच्या पाटीत होती. मी चॉकलेट वितळवले, कागदाचा कोन केला, आणि थरथरत्या हाताने पुढच्या काचेवर 'वाई–महाबळेश्वर' लिहिले. 'महाबळेश्वर' मधला 'र' जागेअभावी बाजूला वळला. तात्यांनी चष्मा पुसून वाचले आणि समाधानाने मान हलवली. ती गाडी त्यांनी पसरणीच्या घाटातून किती वेळा नेली असेल, याचा हिशेब त्यांच्या एकट्याकडे आहे.

सुरी हातात घेण्यापूर्वी त्यांनी माणसे मोजली. सवय जात नाही. तेवीस भरली. "शेजारचा बंड्या येईल अजून," म्हणून चोवीस धरली. मग मागच्या बाजूने, ड्रायव्हरला धक्का न लावता, मोजून चोवीस तुकडे पाडले. लहान मुलांना अर्धे तिकीट म्हणून लहान तुकडे. कोणाला उरला नाही, कोणाला कमी पडला नाही. शेवटी पाटावर चार बिस्किटांची चाके आणि जॅमचा डाग राहिला. दोन दिवसांचे काम वीस मिनिटांत संपले, आणि मला त्याचे काडीइतके वाईट वाटले नाही.

यावरून माझे जे मत झाले ते आता सांगते.

आपल्यातले काही जण म्हणतील, की केकला आकार देणे हे साहेबी खूळ. खायच्या वस्तूला कशाला हवे रूप? हे मला मान्य नाही. खायच्या वस्तूला रूप देण्याची हौस आपल्याकडे कोणाहून कमी नाही. संक्रांतीला हलव्याचे दागिने होतात. गळ्यातल्या हारापासून मुकुटापर्यंत. पाडव्याला साखरेच्या गाठी होतात. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजून घालणाऱ्या आज्या आपल्या घराघरांत आहेत. आणि जे घडवले ते टिकलेच पाहिजे, असा हट्टही आपला नाही. दिवाळीचा किल्ला मातीत जातो, रांगोळी पायांखाली जाते, गणपती पाण्यात जातो. केक पोटात जातो. त्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते दुसरीकडे. अलीकडे केक म्हणजे बूट, पर्स, फोन, असे हुबेहूब, की पाहणाऱ्याने फसावे. फसवण्यासाठी वर साखरेची जाड कणीक लाटून लावतात आणि तिला गडद रंग देतात. खाताना प्रत्येक जण ती सोलून ताटलीच्या कडेला ठेवतो. म्हणजे जे पाहायचे ते खायचे नाही, आणि जे खायचे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मोदकाच्या कळ्या सोलून टाकून आपण सारण तेवढे खात नाही. पारी आणि सारण मिळूनच मोदक. माझी कसोटी आता एवढीच आहे: खाण्याच्या वस्तूचे रूप खाऊन संपले पाहिजे. जे ताटलीत उरते ते रूप नव्हे, ते आवरण.

हुबेहूबपणाबद्दलही मला शंका आहे. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. वास्तववादावर आपण टिपणे लिहितो, परीक्षेत उतरवतो. पण 'एखादी गोष्ट ओळखीची कशाने होते' हा प्रश्न मला वर्गात कधी पडला नव्हता; तो लोण्याने माखलेल्या हातांनी पडला. उत्तर एका निवृत्त कंडक्टरने दिले. सगळे तपशील भरले म्हणजे ओळख पटते असे नाही. नेमका एक तपशील लागतो, आणि तो कोणता हे त्या वस्तूबरोबर जगलेल्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून करायला बसण्यापूर्वी त्याला विचारावे. मी दहा व्हिडिओ पाहिले, पण शेजारच्या खोलीत बसलेल्या तात्यांना विचारले नाही. त्यांना अचंबा द्यायचा होता, हे निमित्त खरे. पण विचारावे असे सुचलेच नाही, हे अधिक खरे.

आता आपल्या घरचाच विषय. स्नेहसंमेलनात आपण पाककला स्पर्धा घेतो. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत मी प्रेक्षक होते. पहिला क्रमांक एका मोरपंखी केकला मिळाला. तो सुंदर होता, यात वाद नाही, आणि करणाऱ्या मैत्रिणीची मेहनत मी जाणते; आता तर अधिकच जाणते. पण परीक्षकांनी त्याच्या टोकाचा एक चिमटा चाखला आणि संध्याकाळी त्याचा निम्म्याहून अधिक भाग कचऱ्याच्या डब्यात होता. टाकणाऱ्यांचे हात निळे झाले होते. त्याच टेबलावर एका मुलाने आईकडून शिकून केलेले, रंगहीन, जरा वाकडे, पण उत्तम चवीचे सांदण होते. त्याचे भांडे अर्ध्या तासात रिकामे झाले. त्याला प्रशस्तिपत्रकही मिळाले नाही, कारण 'सजावट' या रकान्यात त्याला शून्य होते. दोष मी मैत्रिणीला देत नाही, परीक्षकांनाही नाही. दोष रकान्यांचा आहे. आपण बोर्ड न वाचता रंग पाहून गाडीत चढलो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, आणि येत्या स्नेहसंमेलनापूर्वी त्यांचा विचार व्हावा अशी प्राध्यापक वर्गाला विनंती आहे. पहिली: प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय काय घातले त्याची चिठ्ठी असावी, रंग घातला असेल तर त्याच्या नावासकट, बाटलीवर नाव नसेल तर तो रंग चालणार नाही. दुसरी: चवीचे गुण आधी द्यावेत आणि सजावटीचे नंतर. तिसरी: निकाल लगेच न लावता तासाभराने लावावा, आणि भांड्यात किती उरले तेही पाहावे. याला खर्च काहीच नाही. एक तास थांबावे लागेल एवढेच, आणि थांबण्याचे महत्त्व मला माझ्या आजीने शिकवले आहे.

राहता राहिली एक गोष्ट. माझा केक पाहून दोघी-तिघींनी म्हटले, "आम्हांला असे जमणार नाही, आम्ही विकतच आणू." विकत आणण्यात पाप नाही. पण पहिला केक वाकडाच होतो, पहिली कविताही वाकडीच होते. आणि या अंकात आपण दर वर्षी कितीतरी पहिल्या कविता छापतो, कोणी त्यांना विकत आणा म्हणत नाही. मग हातांच्या कामालाच एवढी लाज का? एकदा करून पाहा. केक आदल्या रात्री भाजा, रात्रभर थंड होऊ द्या, सुरी दाबू नका, चाकांच्या कमानी कोरू नका, आणि रंगाची बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरचे वाचा. आणि सर्वांत आधी, ज्याच्यासाठी करायचे आहे त्याच्याजवळ पाच मिनिटे बसा.

पुढच्या १ जूनला मी पुन्हा गाडी करणार आहे. तात्यांनी आत्ताच बजावले आहे, की या वेळी 'र' सरळ पाहिजे.